कुत्र्यातील कावीळ : सोनोग्राफीत पित्तनलिकेचे माप किती असावे?

शेतावर राखणीला असलेल्या कुत्र्याचे डोळे व हिरड्या पिवळ्या दिसू लागल्या, लघवी गडद झाली, की कावीळ झाल्याचे लक्षात येते. मात्र कावीळ हे लक्षण आहे. गोचिडांमार्फत पसरणाऱ्या बबेसियामुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, लेप्टोस्पायरोसिसमध्ये यकृत व मूत्रपिंडे बिघडतात, तर काही वेळा पित्त आतड्यात उतरण्याचा मार्गच बंद होतो. प्रत्येकाचा उपचार वेगळा. मार्ग बंद आहे का, हे पाहण्यासाठी पशुवैद्यक सोनोग्राफीत पित्तनलिकेची रुंदी मोजतात.

निरोगी कुत्र्यात मुख्य पित्तनलिकेची रुंदी साधारण ३ मि.मी.पर्यंत असते. पुष्कळदा ती पडद्यावर दिसतच नाही, त्यात काळजीचे कारण नाही. मांजरात ४ मि.मी.पर्यंतचे माप सामान्य धरतात, म्हणून एकाचा निकष दुसऱ्याला लावू नये.

तपासणीपूर्वी कुत्र्याला ८ ते १२ तास उपाशी ठेवावे, पाणी चालते. पोटात अन्न व वायू असल्यास नलिका झाकली जाते. पोटावरील, विशेषतः उजव्या बरगड्यांखालील केस काढावे लागतात. नलिका पोर्टल शिरेला लागूनच असते, त्यामुळे गल्लत होऊ शकते. कलर डॉपलर लावल्यास शिरेत रक्तप्रवाह दिसतो, नलिकेत दिसत नाही. माप आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत घेतात.

सर्वांत जास्त चूक होते ती वेळेच्या बाबतीत. मार्ग पूर्ण बंद झाला तरी नलिका लगेच फुगत नाही. आधी पित्ताशय ताणले जाते, यकृताबाहेरील नलिका सुमारे ४८ ते ७२ तासांत रुंदावते आणि यकृतातील बारीक नलिका दिसायला ५ ते ७ दिवस लागतात. म्हणजे पहिल्या दिवशीचा 'नॉर्मल' रिपोर्ट हातात घेऊन निर्धास्त राहू नये. कावीळ वाढत असेल तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासणी करावी. उलट, पूर्वी अडथळा येऊन गेलेल्या कुत्र्यात नलिका नंतरही रुंदच राहू शकते. नुसते पित्ताशय मोठे दिसणे हाही पुरावा नाही, कारण न खाणाऱ्या कुत्र्याचे पित्ताशय भरलेलेच असते. म्हणून मापाबरोबर बिलिरुबिन, यकृताच्या चाचण्या व रक्ताचा काचपट्टीवरील नमुना पाहणे आवश्यक आहे.

अडथळ्याची कारणे म्हणजे स्वादुपिंडाचा दाह, पित्ताशयात साचलेला घट्ट चिकट स्राव, खडे किंवा गाठ. विष्ठा पांढरट, मातकट झाली असेल तर अडथळ्याची शक्यता अधिक. अशा वेळी जीवनसत्त्व 'के' कमी शोषले जाऊन रक्त गोठण्यास उशीर लागतो, त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी ती चाचणी करून घ्यावी.

निदान होईपर्यंत पिवळ्या पडलेल्या कुत्र्याची लघवी उघड्या हाताने साफ करू नये. लेप्टोस्पायरोसिस माणसालाही होतो, आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून तो पसरतो. घरातील पॅरासिटामॉल कुत्र्याला देऊ नये, त्याने यकृताची हानी वाढते. रिपोर्टवर नलिकेचे माप मि.मी.मध्ये लिहून घ्यावे व पुढच्या तपासणीला तो सोबत न्यावा.