वर्धेच्या अलीकडचं राज्य

आमच्या नांदगाव पेठेहून नागपूरच्या रस्त्याला लागलं, मोझरी-तिवसा मागे पडलं, की वर्धा नदीचा पूल येतो. प्रवाशाला एवढंच कळतं, की इथं अमरावती जिल्हा संपला. १८०३ नंतर याच पात्राशी निजामाचं राज्य संपायचं आणि नागपूरकर भोसल्यांचं लागायचं.

त्याआधी वऱ्हाडावर दोघांचाही अंमल होता. १७१९ च्या सनदांनी मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई-सरदेशमुखी मिळाली, त्यात वऱ्हाड आलं. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून निजाम दख्खनचा धनी झाला. पुढं मुलूख नावाला निजामाचा, पण वसुलाचा मोठा वाटा भोसल्यांचा. वर फौजेच्या घोड्यांच्या दाणावैरणीसाठीची पट्टी, घासदाणा, निराळी. अंमलदार दोन सरकारांचे, हिशेब ठेवणारे मात्र तेच: गावात पाटील-कुलकर्णी, परगण्यात देशमुख-देशपांडे. दोन वैऱ्यांचा एकमेकांवर भरवसा नव्हता, पण देशपांड्याच्या दप्तराशिवाय दोघांचंही चालत नव्हतं. या व्यवस्थेत मला हेच मोलाचं वाटतं. १७६३ मध्ये जानोजी भोसले निजामाच्या बाजूनं उतरले आणि राक्षसभुवनच्या लढाईआधी फिरले; इतका दगा होऊनही वऱ्हाडातला दुहेरी अंमल मोडला नाही. मात्र दोन्ही सरकारांचा भरणा एकाच कुणब्याच्या रानातून निघत होता आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं.

मग इंग्रज भोसल्यांवर चालून आले, निजाम इंग्रजांच्या बाजूला. २९ नोव्हेंबर १८०३ ला आडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ डिसेंबरला देवगावचा तह. वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाला गेला. गाविलगड आणि नरनाळा मात्र भोसल्यांकडेच राहिले. खाली मैदानात एकाचं राज्य, वर डोंगरावर दुसऱ्याचे किल्ले! अशानं भरवसा कसा बसावा? तो गुंता १८२२ च्या तहानं सुटला.

दरम्यान पेंढारी मोकाट होते. अमरावतीच्या सावकार-व्यापाऱ्यांसाठी निजाम सरकारनं १८०७ मध्ये परकोट बांधायला घेतला. अंबागेटातून देवीच्या दर्शनाला जाताना ती दगडी भिंत मी दरवेळी निरखून पाहतो. तिच्या एका खिडकीला खुनारी म्हणतात. १८१८ मध्ये तिथल्या चकमकीत सातशे माणसं मेल्याची नोंद आहे. तह झाला होता, सीमा ठरली होती, तरी शहराला भिंत लागलीच. नागपूरच्या रस्त्यावरची आमच्यासारखी गावं त्या भिंतीबाहेर होती.