लारवूडचा चेंडू आणि जार्डिनचा हुकूम

क्रिकेटच्या इतिहासात 1932-33 सालच्या इंग्लंड-ऑस्ट्रेलिया सामन्यांइतकी कटुता क्वचितच माजली असेल. ‘बॉडीलाइन’ म्हणून ते प्रकरण गाजले. त्याचा ठपका ज्याच्या माथी बसला, त्या हेरॉल्ड लारवूडची करामत नेमकी काय होती आणि अपराध कोणाचा होता, याचा आज विचार करू.

लारवूड हा नॉटिंगहॅमशायरमधील खाणकामगाराचा मुलगा, जन्म 1904 चा. चौदाव्या वर्षी तोही कोळशाच्या खाणीवर कामाला लागला. जलद गोलंदाज म्हटला की ताडमाड गडी आपल्या डोळ्यांपुढे येतो. हा तर जेमतेम 5 फूट 8 इंच! मग एवढा वेग आला कोठून?

पहिली गोष्ट त्याची धाव. ती हळू सुरू होई आणि पावलागणिक वाढत जाई; पाय इतके हलके पडत की पंचांना त्यांचा आवाज येत नसे. चेंडू टाकताना तो अंग आडवे करी, डावा खांदा फलंदाजाकडे. डावा हात वर जाई, डावा पाय जमिनीवर जोराने आपटे आणि धावेचा सारा जोर कंबर, पाठ व खांदा यांतून उजव्या हातात उतरे. गोफण फिरवून दगड सोडणाऱ्या राखणदाराला हे मर्म सांगावे लागणार नाही. चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात फलंदाजापाशी पोहोचे.

दुसरी गोष्ट उंचीची. उंच गोलंदाजाचा आखूड टप्प्याचा चेंडू पुष्कळदा डोक्यावरून निघून जातो. लारवूडचा चेंडू घसरत येई आणि बरगड्यांवर चाल करी. त्यात नेम असा की दाखवाल तिथे टप्पा! एवढा वेग आणि एवढा नेम एकाच हाताला क्वचित लाभतो.

कप्तान डग्लस जार्डिनने हेच हेरले. 1930 साली डॉन ब्रॅडमनने इंग्लंडात एका मालिकेत 974 धावा कुटल्या होत्या. त्याला रोखायचे म्हणून जार्डिनने फलंदाजाच्या पायांकडच्या बाजूला, अगदी जवळ, झेल घेणाऱ्यांचे कडे उभारले आणि लारवूडला अंगावर चेंडू टाकण्यास सांगितले. अंग वाचवावे तर झेल जाई, झेल वाचवावा तर बरगडीवर मार! अ‍ॅडलेड येथे ऑस्ट्रेलियाचा कप्तान वूडफुल याच्या छातीवर चेंडू बसला, तेव्हा हे कडे लावलेले नव्हते. जार्डिनने ते थोड्याच वेळात लावले आणि मैदान खवळले.

मालिका इंग्लंडने 4-1 अशी जिंकली. लारवूडने 33 बळी घेतले. पण ऑस्ट्रेलियाच्या टणक जमिनीवर आपटून आपटून शेवटच्या सामन्यात त्याच्या डाव्या पायाचे हाड मोडले. ब्रॅडमन बाद होईपर्यंत जार्डिनने त्याला मैदान सोडू दिले नाही.

आता न्याय पाहा. इंग्लंडात त्या काळी हौशी ‘जंटलमन’ आणि पगारी ‘प्लेअर’ असे दोन वर्ग होते. जार्डिन हौशी, मुंबईत जन्मलेला, ऑक्सफर्डला शिकलेला. 1933 च्या डिसेंबरात मुंबईला हिंदुस्थानातील पहिला कसोटी सामना झाला, तेव्हाही इंग्लंडचा कप्तान तोच होता. लारवूडला मात्र माफी मागण्यास सांगण्यात आले. ‘मी कप्तानाचा हुकूम पाळला, माफी कसली?’ अशी त्याची भूमिका होती. तो पुन्हा इंग्लंडकडून कधीच खेळला नाही.

मौज अशी की 1950 साली तो बायकामुलांसह ऑस्ट्रेलियातच राहावयास गेला. त्याला तिकडे येण्याचा आग्रह करणारा जॅक फिंगल्टन हा त्याच मालिकेत त्याचा मारा सोसलेला फलंदाज! अंगावर चेंडू झेलणाऱ्यांनी त्याला आपलेसे केले. त्याच्या देशाने त्याला मानाचे पदक दिले ते 1993 साली. तेव्हा तो 88 वर्षांचा होता.