आजोळचा रेडिओग्राम

जुन्या बाजारात एखादा रेडिओग्राम दिसला की मी किंमत नंतर विचारते. आधी विचारते, हा कुणाच्या घरचा? बहुतेकदा उत्तर येतं, "वाड्यातला माल आहे, ताई." मग मागची पुठ्ठ्याची फळी काढून आत बघायचं. कधी कधी तिथे रेडिओच्या लायसनचं पुस्तक खोचलेलं असतं. रेडिओ ऐकायला वर्षाच्या वर्षाला पोस्टात पैसे भरावे लागत, हे आताच्या मुलांना खरंही वाटत नाही. मला मात्र ते पुस्तक मिळालं की त्या घराचा उंबरा ओलांडल्यासारखं होतं.

रेडिओग्राम म्हणजे चार पायांवर उभं असलेलं गाण्याचं कपाटच. झाकण उघडलं की आत तबकडी, समोर कापडामागे थोरला स्पीकर, एका अंगाला रेकॉर्डींचा कप्पा. आमच्या आजोळी, साताऱ्याच्या वाड्यात, असा एक होता. आजोबांनी तो बदली होऊन चाललेल्या कुणा साहेबाकडून घेतला, असं आई सांगायची. मावशी म्हणते, छे, तो मुंबईहून मालट्रकमधून आला. कसाही येवो, बैठकीच्या खोलीतली मानाची जागा त्याची. वर आजीने विणलेला क्रोशाचा रुमाल, भिंतीवर तांब्याच्या जाळीची लांब पट्टी. ती त्याची एरियल. बटण फिरवलं की आधी डायल उजळायची. व्हॉल्व्ह तापेपर्यंत सगळे गप्प. मग बारीक घुंऽऽ, आणि स्टेशन नेमकं लागलं की हिरव्या डोळ्यातली काळी फट मिटत जायची.

पुणे आकाशवाणीने 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, गीतरामायण सुरू केलं. कवी गदिमांचे शब्द, बाबूजींच्या म्हणजे सुधीर फडक्यांच्या चाली. आठवड्याला एक नवं गीत, अशी सगळी मिळून छप्पन्न झाली. सकाळी गीत लागायच्या वेळेला आजी अंघोळ उरकून रेडिओला हळदकुंकू वाहायची. आळीतल्या बायका ओसरीपर्यंत बसायच्या. रामजन्माचं गीत लागलं तेव्हा रामनवमी केव्हाच उलटून गेली होती, तरी आजीने पुन्हा सुंठवडा केला. "आज जन्मला ना राम?" एवढंच म्हणाली म्हणे. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण आईकडून इतक्यांदा ऐकलंय की त्या सुंठेचा तिखटपणा माझ्याच जिभेवर आहे.

याच रेडिओवरून आजोबा आणि मामा यांची मात्र जुंपायची. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कैवारी. 1952 नंतर त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. आजोबांना ते पटायचं. संध्याकाळी अडकित्त्याने सुपारी कातरत ते ख्याल ऐकत बसायचे. मामाची भक्ती रेडिओ सिलोनवर. बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला आणि अमीन सयानींचा आवाज! त्या दिवशी आजी मुद्दाम जेवणं लवकर आटपायची, म्हणजे आजोबा शतपावलीला बाहेर पडत. पुढे 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती आली आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवर सन्मानाने परतली. आमच्या घरातला तह त्याच सुमाराचा असावा.

11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. वाडा हादरला, फडताळातली बरणी फुटून लिंबाचं लोणचं जमिनीभर झालं. सगळी अंगणात. उजाडल्यावर शेजारच्या गड्यांनी रेडिओग्राम उचलून ओसरीवर आणला आणि सगळी आळी बातम्यांसाठी भोवती गोळा झाली. तेव्हा वीज होती की नव्हती, यावर मामा आणि मावशीचं अजून एकमत नाही. पण आजीने चुलीवर पातेलंभर चहा ठेवला होता, हे दोघंही सांगतात.

तो सेट पुढे वाड्याबरोबरच गेला. त्याच्या भावंडांना मी आता घरी आणते. असा सेट आणल्या आणल्या प्लगला लावायचा नसतो. कागदी कंडेन्सर गळके झालेले असतात, दुसरे वाळून गेलेले. ते बदलायचे आणि विजेचा दाब हळूहळू चढवायचा. डायलची दोरी नवी ओवायची, लाकडाची कीड मारून चंद्रसाचा हात फिरवायचा. व्हॉल्व्ह जाणणारे म्हातारे कारागीर थोडे उरलेत. त्यांच्यापाशी बसून शिकण्यात मला फार सुख वाटतं.

सेट गाऊ लागला की आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवते: कुठल्या गावी होता, कुठल्या खोलीत उभा असे, त्याच्यापुढे कोण बसे, त्या घरात काय ऐकलं जाई. ट्रान्झिस्टर आला आणि ऐकणं ज्याच्या त्याच्या उशाशी गेलं. हे उभे रेडिओ अख्ख्या आळीला एकत्र बसवत होते, आणि मला जपायचं आहे ते ते बसणं. तुमच्याकडे असा सेट असेल आणि त्याच्यापुढे बसलेलं एखादं माणूस अजून घरात असेल, तर आज संध्याकाळीच वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. कंडेन्सर काय, पुढच्या महिन्यातही बदलता येतील.