जुनें जहाज, नवी कंपनी

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या वाटेवर कशेळें लागतें. अशा गांवांतील सुतारानें लाकूड चिरण्याचें यंत्र घ्यावयाचें मनांत आणलें कीं पहिला प्रश्न हाच : नवें घ्यावें कीं कोणी वापरलेलें? जुन्याची किंमत थोडी. पण आंस वांकला आहे कीं काय, बेअरिंगें झिजलीं आहेत कीं काय, हें वरच्या रंगावरून समजत नाहीं. नव्याला पैसा तर हवाच, शिवाय तें येईपर्यंत थांबण्याची ताकदही हवी. हाच प्रश्न १९१९ सालीं एका सोलापूरकरापुढें उभा राहिला. मात्र तेथें यंत्र होतें सुमारें सहा हजार टनांचें जहाज!

शेठ वालचंद हिराचंद हे मूळचे कंत्राटदार. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारींत बार्शी लाइट रेल्वेच्या कामानें त्यांनीं आरंभ केला. पुढें कर्जतपलीकडच्या बोरघाटांतील बोगद्यांचें कामही त्यांनीं केलें. कंत्राटदाराला अवजाराचा मोह नसतो; तें किती दिवस काम देईल, एवढेंच तो पाहतो. म्हणूनच त्यांचा हा सौदा अधिक नवलाचा वाटतो.

हें जहाज इंग्लंडांतील बॅरो येथें १८९० सालीं पाण्यांत उतरलें. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नांवानें त्यानें कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे उतारू वर्षानुवर्षें पॅसिफिक महासागरापार नेले. पहिल्या महायुद्धांत ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनीं तें घेऊन त्याचें तरतें इस्पितळ केलें व ‘लॉयल्टी’ असें नांव ठेवलें. युद्ध संपतांच तें विक्रीस निघाल्याची वार्ता वालचंदांना आगगाडीच्या प्रवासांत समजली. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लुभाई सामळदास यांच्या साह्यानें त्यांनीं तें विकत घेतलें, आणि सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली.

वहीखात्याच्या दृष्टीनें हा सौदा वाईटच म्हटला पाहिजे. जहाज अठ्ठावीस वर्षांचें. शिवाय बांधणी वेगवान उतारू-जहाजाची. उतारू मिळोत वा न मिळोत, भट्ट्यांना कोळसा लागणारच. पण नवें आणावयाचें कोठून? जर्मन पाणबुड्यांनीं लाखों टनांचीं जहाजें बुडविलेलीं. ब्रिटिश गोद्या तीच तूट भरून काढण्यांत गुंतलेल्या. हिंदी किनाऱ्यावरील वाहतूक बहुतांशीं ब्रिटिश कंपन्यांच्या हातीं होती, व युद्धानें पडलेली फट त्या लौकरच बुजविणार होत्या. थांबणें हेंच येथें सर्वांत महाग पडलें असतें. ५ एप्रिल १९१९ रोजीं ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली.

तिनें पैसा मिळवून दिला असें नव्हे. १९२३ सालीं मुंबईंतच ती मोडींत निघाली. दरम्यान लॉर्ड इंचकेप यांनीं सिंधिया विकत घेण्याची तयारी दाखविली होती, ती नाकारली गेली. दरयुद्धाचे तडाखे सोसून १९२३ सालीं करार झाला व किनाऱ्यावर मर्यादित कां होईना, पण जागा मिळाली. जहाज गेलें, कंपनी राहिली. १९४१ सालीं तिनें विशाखापट्टण येथें स्वतःच्या गोदीची कोनशिला राजेंद्रप्रसादांच्या हस्तें बसविली, आणि १४ मार्च १९४८ रोजीं तेथें बांधलेली कोरी ‘जलउषा’ पंडित नेहरूंनीं पाण्यांत सोडली.

राष्ट्रीय नौकानयन दिन मात्र पाळतात तो ५ एप्रिलला, म्हणजे त्या जुन्या जहाजाच्या दिवशीं.