पाचारणाला साजेसे जिणे : पाणी, पगार आणि घर

#धागा

१. रेल्वे बोरघाट चढण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला जाणाऱ्याची नेहमीची वाट पनवेलवरून जात असे. होडीने खाडी ओलांडून पनवेल बंदरात उतरायचे, आणि मग पालखी, घोडा, जे मिळेल त्याने खोपोलीकडे आणि घाटमाथ्यावर. सरदार, सावकार, शिपाई, कारकून सारे या वाटेने गेले. त्यांत एक बिशपही होते. आजच्या धाग्याची सुरुवात त्यांच्यापासून करू; परंतु विषय आहे महाराष्ट्रातील ख्रिस्ती माणसाने पिढ्यानपिढ्या स्वतःला विचारलेला एक प्रश्न.

२. १८२५ च्या पावसाळ्यात कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर पनवेलमार्गे पुण्याला गेले. त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानातील सारी अँग्लिकन मंडळी त्यांच्या एकट्याच्या अधिकाराखाली होती. पुढच्याच वर्षी ते दक्षिणेत तंजावराकडे गेले. तेथील जुनी ख्रिस्ती कुटुंबे प्रार्थनेला एकत्र येत, पण जातीनुसार वेगळी बसत. ही जात म्हणजे धर्माचा भाग, की केवळ समाजाची रीत, याची हेबर चौकशी करू लागले. त्यांचा कल सबुरीने घ्यावे असा होता.

३. निर्णय होण्यापूर्वीच, एप्रिल १८२६ मध्ये, तिरुचिरापल्लीला हेबरांचा मृत्यू झाला. १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी मात्र स्पष्ट आज्ञा काढली : ख्रिस्ती म्हणवणाऱ्याने जातिभेद टाकलाच पाहिजे. पुष्कळांनी आज्ञा मानण्याऐवजी मंडळीच सोडली. म्हणजे बाप्तिस्मा स्वीकारणे त्यांना जमले होते. शेजाऱ्याच्या हातचे पाणी पिणे जमत नव्हते.

४. या प्रश्नाचे मूळ संत पौलाने इफिसच्या मंडळीस लिहिलेल्या पत्रात आहे. मराठी बायबलात त्यासाठी 'पाचारण' हा भारदस्त शब्द येतो. देवाने तुम्हाला बोलावले आहे, तर त्या बोलावण्याला साजेसे वागा, असे पौल सांगतो. आणि तेही स्वतः कैदेत असताना. लगेच तो गुणांची यादी देतो : नम्रता, सौम्यता, धीर, प्रेमाने एकमेकांचे सोसून घेणे, ऐक्य राखणे.

५. वाचकहो, ही यादी पुन्हा एकदा पाहा. तिच्या आरंभी प्रवचनकौशल्य नाही, शास्त्रार्थ नाही, धर्मप्रसाराचा आवेशही नाही. जे गुण आहेत ते सगळे जवळच्या माणसांत कसाला लागणारे आहेत. एकटा माणूस कोणाचे सोसून घेणार? म्हणूनच या पाचारणाची परीक्षा देवळात होते त्याहून अधिक स्वयंपाकघरात, पाणवठ्यावर आणि पगाराच्या दिवशी होते.

६. महाराष्ट्रात ही परीक्षा किती कठीण होती, ते १८४३ च्या एका प्रकरणावरून कळते. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला व जेवला होता, एवढेच. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. पण तो शुद्ध होऊन जातीत परत येऊ शकतो का, यावर मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले, तर त्यांनाही रोष पत्करावा लागला.

७. १८५० मध्ये सरकारने कायदा केला की धर्म बदलल्यामुळे कोणाचा वारसाहक्क बुडणार नाही. कायद्याने जमिनीचा वाटा राखला. पंगतीतला पाट राखणे त्याच्या हाती नव्हते. धर्मांतर केलेला मुलगा घरच्यांना मेल्यासारखाच होई. आईबापांच्या या दुःखाला खोटे म्हणता येणार नाही. आणि ज्याने हे सारे गमावले, त्याच्यामागे समाजाचा एक टोमणा आयुष्यभर लागे : पोटासाठी बाटला.

८. टोमण्याला आधार होता, हे मान्य केले पाहिजे. घर तुटलेल्या नवख्रिस्ती माणसाला बहुधा मिशनचाच आसरा असे. शिक्षक, उपदेशक, पाळक, छापखान्यातला नोकर, अशी कामे मिशन देई आणि पगारही मिशन देई. अमेरिकन मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरात ठाणे वसवले. त्याचा पैसा बोस्टनच्या संस्थेकडून येई. श्रद्धा आणि भाकर एकाच दारातून मिळू लागली, की माणूस नेमका कशासाठी आला हे जगाला कसे दिसावे?

९. या कोंडीतून वाट काढणाऱ्यांत पंडिता रमाबाई ठळकपणे दिसतात. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे का, असे त्यांनी विचारले. तेथील भगिनींशी त्यांचा पत्रव्यवहार वाचला तर एक गोष्ट लख्ख दिसते : स्वदेशातील शास्त्रीपंडितांचे जोखड झुगारून आलेली ही बाई परदेशी धर्माधिकाऱ्यांचे जोखड मानेवर घेणार नव्हती.

१०. मात्र पाणी, पगार आणि घर या तिन्ही कसोट्या एकाच संसारात पाहायच्या असतील, तर रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्याकडे वळावे लागते. टिळक १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मले. कोकणस्थ ब्राह्मण, संस्कृतचे व्यासंगी, कवी, आणि एका जागी न टिकणारे. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांच्या घरी आली. तीच पुढे लक्ष्मीबाई.

११. १८९३ च्या सुमारास नागपुराकडून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांना 'नव्या करारा'ची प्रत दिली. ते वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी खिळले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी त्या वेळी लहान मुलासह माहेरच्या माणसांत होती. बातमी कळल्यावर तिच्यावर काय कोसळले, हे तिने 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवले आहे. या धाग्याची खरी साक्षीदार तीच आहे.

१२. पहिली कसोटी पाण्याची. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, पण आपला धर्म घेऊन. कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईने ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात आपली चूल वेगळी मांडली, पाणी वेगळे भरले. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. ज्याने धर्मासाठी सर्व सोडले, त्याने आपल्याच घरात दुसऱ्या श्रद्धेला जागा दिली. सोसून घेणे म्हणतात ते हे.

१३. लक्ष्मीबाईंचा पालट प्रथम जातीविषयी झाला. माणसे देवाने केली, मग त्यांतली काही विटाळाची कशी, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. तंजावरच्या मंडळीचा क्रम येथे नेमका उलटला होता. तेथे बाप्तिस्मा आला आणि विटाळ राहिला. येथे विटाळ आधी गेला.

१४. मध्येच चालीविषयी थोडे. चाल म्हणजे वागणूक आणि चाल म्हणजे गाण्याची धाटणी. मराठीत शब्द एकच. मिशनच्या मंडळ्यांत पाश्चात्त्य सुरावटींवर बेतलेली भाषांतरित गीते बरीच गायली जात. अहमदनगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी वळणाची पदे आणि कीर्तने रूढ केली होती. टिळकांनी तो प्रवाह रुंद केला. त्यांची शेकडो अभंग-भजने मराठी मंडळ्यांत आजही गायली जातात. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते उघड सांगत.

१५. टिळकांच्या घराचे दारही असेच उघडे होते. अनाथ मुले तेथे वाढली. तरुण कवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, अहमदनगरला त्यांच्याकडे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे मानले. त्या छताखाली राहण्यासाठी बालकवींना आपला धर्म सोडावा लागला नाही.

१६. दुसरी कसोटी पगाराची. टिळक मिशनच्या सेवेत होते. धर्मशिक्षण देत, १८४२ पासून चालत आलेल्या 'ज्ञानोदय' पत्राचा मराठी भाग सांभाळत. मानमरातब होता, नियमित वेतन होते. आणि १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली. संन्यस्त वृत्तीने राहायचे, देव देईल त्यावर भागवायचे, असे ठरवून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापला.

१७. दरबाराची कल्पना धाडसी होती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सारे एका बंधुत्वात यावेत. मिशनमधील अनेकांना ही रेघ पुसणे धोक्याचे वाटले, आणि त्यांची शंका बिनबुडाची नव्हती : मग मंडळीची ओळख काय उरणार? टिळकांची चिंता वेगळी होती. परक्या पैशावर उभी असलेली मंडळी आपल्या देशबांधवांच्या डोळ्याला डोळा कसा भिडवणार?

१८. 'पोटासाठी बाटला' या टोमण्याला लेख लिहून उत्तर देता आले असते. टिळकांनी पगार सोडून उत्तर दिले. महायुद्धाचे दिवस, महागाई वाढत होती. पण येथे थांबून विचारले पाहिजे : हे उत्तर कोणाच्या खर्चाने दिले गेले?

१९. ही तिसरी कसोटी, घराची. पगार सोडणारा एक असतो. उद्याच्या पिठामिठाची काळजी दुसऱ्याच्या वाट्याला येते. टिळक हाताचे उदार, तापट, क्षणात निर्णय घेणारे. घरात असेल ते ते गरजूला देऊन टाकत आणि मागे राहिलेले निस्तरणे लक्ष्मीबाईंकडे येई. हे सारे त्यांनी न लपवता, हसत हसत, कधी चिमटे काढत लिहिले आहे. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त संताची आरती नाही. त्यात नवऱ्याचे दोष आहेत, भांडणे आहेत आणि तरीही न आटलेले प्रेम आहे.

२०. म्हणूनच त्यांची साक्ष मोलाची. व्यासपीठावर माणूस दोन तास चांगला असू शकतो. चाळीस वर्षे ज्याच्यासोबत काढली त्याच्याविषयी, सर्व उणिवा मांडूनही, माणूस खरा होता असे जिचे लेखन सांगते, त्या बायकोचे प्रमाणपत्र कोणत्याही मिशनच्या दाखल्यापेक्षा वजनदार आहे. आणि सोसून घेण्याचा गुण पौलाच्या यादीतला असेल, तर या संसारात तो अधिक कोणी पाळला, याचा निर्णय वाचकाने करावा.

२१. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले. दरबाराला दोन वर्षेही पुरी मिळाली नव्हती. संस्थापकाच्या मागे त्याने मूळ धरले नाही. ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. पतीच्या हातून जेमतेम आरंभाचे अध्याय झाले होते. उरलेल्यांपैकी बहुतांश लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आणि नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या बाईने त्याचे काव्य पुढे नेले.

२२. मग टिळकांचा १९१७ चा निर्णय फसला, असे म्हणायचे का? संस्था म्हणून दरबार टिकला नाही, हे खरे. परंतु मराठी मंडळीने स्वतःच्या पायावर उभे राहावे, स्वतःच्या भाषेत गावे आणि आपल्या समाजापासून तुटू नये, ही कसोटी त्यांनी पुढच्यांसाठी मांडून ठेवली. तिच्यापासून पळ काढणे त्यानंतर कोणाला सोपे राहिले नाही.

२३. आता पुन्हा पनवेल. बोटीची जागा पुलांनी घेतली, बैलगाडीची जागा द्रुतगती मार्गाने. हेबरांनी हाती घेतलेला प्रश्न मात्र त्या वाटेवरून पुढे गेला आणि नगरच्या एका मराठी घरात येऊन बसला : ज्याने आपल्याला बोलावले, त्याला साजेसे आपण जगतो का? पाणी कोणाच्या हातचे पितो, भाकर कोणाची खातो आणि घरातले माणूस आपल्याविषयी काय सांगेल, या तीन ठिकाणी त्याचे उत्तर मिळते. ते विचारण्यासाठी ख्रिस्तीच असले पाहिजे, असेही नाही.

(धागा समाप्त)