साथीच्या मृत्यूंचा हिशेब

साथीचा रोग गांवांत शिरला म्हणजे ‘आज किती गेले?’ हा प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडीं येतो. आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, ‘शेजारच्या गांवीं किती?’ दोन्ही प्रश्न मनुष्यस्वभावाला धरूनच आहेत. परंतु त्यांचीं उत्तरें वाटतात तितकीं सोपीं नाहींत, आणि हा अनुभव पुणें शहरानें सव्वाशें वर्षांत तीन वेळां घेतला आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेगचा रोगी प्रथम ओळखला. पुढच्या वर्षाच्या आरंभीं हा रोग पुण्यांत फैलावला. फेब्रुवारी १८९७ मध्यें साथीच्या रोगांचा कायदा झाला, प्लेग कमिटीचे मुख्य म्हणून रँडसाहेब आले आणि मार्चपासून गोरे सोजीर घरोघर झडती घेऊं लागले. रोगी सांपडला कीं त्याची रवानगी इस्पितळांत, घरच्या माणसांची छावणींत, आणि सामानाची पुष्कळदां आगींत होई. अशा स्थितींत रोग्याची वर्दी देणें म्हणजे आपल्याच घरावर धाड बोलावणें होतें. लोकांनीं रोगी लपविले, प्रेतें लपविलीं, कित्येक कुटुंबें शहर सोडून गेलीं. २२ जून रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, ही कथा सर्वश्रुतच आहे. तिच्यामागील ही दुसरी कथा मात्र फारशी कोणी सांगत नाहीं कीं, जुलुमामुळें रोगाची मोजणीहि बिघडली.

हा दोष केवळ पुण्याचा नव्हे. लंडन शहरांत १६६५ सालीं मोठा प्लेग झाला. तेथें दर आठवड्यास मृत्यूंचे तक्ते छापले जात व मृत्यूचें कारण ठरविण्याचें काम गरीब वृद्ध स्त्रियांकडे असे. घरांत प्लेग आढळला तर ते घर माणसांसह चाळीस दिवस बंद करीत. मग मृत्यूचें कारण प्लेगऐवजीं दुसरेंच कांहीं लिहून घेण्याची खटपट होई. त्या वर्षींच्या तक्त्यांत एकूण ९७,३०६ मृत्यु आहेत, पैकीं प्लेगचे ६८,५९६. उरलेले अठ्ठावीस हजारांवर मृत्यु नेहमींच्या वर्षाच्या मानानें पुष्कळच अधिक असल्यामुळें त्यांतलेहि बरेच प्लेगचेच असावेत, असें इतिहासकार मानतात.

दुसरा अनुभव १९१८ च्या इन्फ्लुएंझाचा. महायुद्धांत तटस्थ असलेल्या स्पेनमध्यें वर्तमानपत्रांवर बंधनें नव्हतीं. तेथील बातम्या मोकळेपणीं छापल्या गेल्या, म्हणून रोगाला नांव स्पेनचें पडलें. ज्यानें खरें सांगितलें त्याच्याच माथीं रोग बसला! हिंदुस्थानांत तेव्हां बहुतेक मृत्यु ‘ताप’ या एकाच सदराखालीं नोंदले जात, आणि साथ भरांत असतां नोंद ठेवणारेच अंथरुणाला खिळले. तेव्हां सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनीं नेहमींच्या वर्षांतील मृत्यु वजा करून उरलेला आंकडा साथीचा धरला. तो सुमारें साठ लाख आला. १९२१ च्या खानेसुमारींत हाच अंदाज एक कोटी वीस ते तीस लाखांवर गेला. १९८६ सालीं मिल्स यांनीं तो एक कोटी सत्तर ते ऐंशी लाख ठरविला. आजच्या भारताच्या हद्दींत १९११ सालीं सुमारें २५.२ कोटी असलेली लोकसंख्या १९२१ सालीं २५.१ कोटींवर आली; खानेसुमारीच्या इतिहासांत असें एवढें एकच दशक आहे.

तिसरा अनुभव ताजा आहे. ९ मार्च २०२० रोजीं महाराष्ट्रांतले कोरोनाचे पहिले रोगी पुण्यांतच आढळले. या वेळीं साऱ्या जगाचे आंकडे रोज घरोघर दिसूं लागले आणि देशांची जणूं शर्यत लागली. परंतु प्रत्येक देशाचें माप वेगळें होतें. बेल्जियमनें वृद्धाश्रमांतील केवळ संशयित मृत्युहि धरले व तो यादींत वर चढला. ब्रिटन एप्रिल २०२० च्या अखेरीपर्यंत रोजच्या आंकड्यांत इस्पितळांतलेच मृत्यु सांगत होता. पेरू देशानें ३१ मे २०२१ रोजीं आपला हिशेब पुन्हां तपासला आणि सुमारें ६९ हजारांचे १ लक्ष ८० हजार केले. जेथें तपासण्या थोड्या, तेथें रोगीहि थोडे दिसले. जेथें तरुणांची वस्ती अधिक, तेथें मृत्यूंचें प्रमाण स्वभावतःच कमी आलें. म्हणून नुसत्या संख्या समोरासमोर मांडणें व्यर्थ आहे. दर लाख वस्तीमागें किती, कोणत्या वयाचे, आणि नेहमींपेक्षां किती अधिक, हें विचारावें लागतें.

२०२० व २०२१ मिळून जगांत नोंदलेले कोरोनाचे मृत्यु सुमारें ५४ लाख होते. जागतिक आरोग्य संघटनेनें मे २०२२ मध्यें अधिक मृत्यूंचा अंदाज १ कोटी ४९ लाखांचा दिला. भारतापुरते हे आंकडे अनुक्रमें ४ लाख ८१ हजार व सुमारें ४७ लाख होते. भारत सरकारनें अंदाजाच्या या पद्धतीवर आक्षेप घेतला, आणि वाद राहिला.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून मृतांच्या कुटुंबांस पन्नास हजार रुपये देण्याचें ठरलें, तेव्हां दाखल्यावर मृत्यूचें कारण काय लिहिलें आहे याला घरोघर महत्त्व आलें. एखाद्या विधवेला तो कागद म्हणजे पतीच्या मृत्यूची शासनानें घेतलेली दखल होती.

तीन साथींचा बोध एकच. खरा आंकडा धाकानें मिळत नाहीं, आणि अब्रूच्या भीतीनेंहि मिळत नाहीं. ज्या गांवांत रोग्याची वर्दी देणाऱ्याला मदत मिळते, त्याच गांवाचा हिशेब विश्वासार्ह होतो. आणि पुढची साथ केव्हां, कोठून येत आहे, हें त्याच गांवाला आधीं कळतें.