राजा पळून जातो तेव्हा

‘जॉज’ हा चित्रपट १९७५ साली आला आणि समुद्राचा राजा कोण, हे माझ्या पिढीपुरतं ठरून गेलं. पांढरा शार्क! आपल्या कोकणात लहान शार्कला मुशी किंवा मोरी म्हणतात आणि तिचं कालवण आवडीनं खातात. पण हे पंचवीस फुटी धूड पडद्यावर पाहिल्यावर मी कित्येक दिवस गुडघाभर पाण्यापुढे गेलो नव्हतो.

या राजाची गादी गेली ती ४ ऑक्टोबर १९९७ रोजी. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या पश्चिमेला फॅरेलॉन नावाची खडकाळ बेटं आहेत. सील खायला तिथे दरवर्षी हे शार्क जमतात. त्या दिवशी देवमासे पाहायला गेलेल्या बोटीसमोरच एका ऑर्कानं पांढरा शार्क मारला आणि त्याला उलटा धरून ठेवला. शार्क उताणा झाला की गुंगी आल्यासारखा निपचित पडतो. कल्ल्यांतून पाणी खेळायचं थांबतं आणि तो गुदमरतो.

ऑर्का म्हणजे किलर व्हेल. नाव व्हेल असलं तरी हा डॉल्फिनच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकातच त्याला देवमाशांचा वैरी म्हटलं होतं. पांढरा शार्कही त्याच्या ताटात असतो, हे मात्र आपल्याला इतक्या उशिरा दिसलं.

मला त्या शिकारीपेक्षा नंतरची गोष्ट अधिक विलक्षण वाटते. बाकीचे शार्क बेटांवरून नाहीसेच झाले. २००० साली पुन्हा असाच हल्ला झाला, तेव्हा खूणयंत्र लावलेल्या एका शार्कनं ५०० मीटर खोल बुडी मारली आणि थेट हवाईची वाट धरली! पुढे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की ऑर्का तासभरसुद्धा थांबले नाहीत तरी शार्क त्या हंगामात परतत नाहीत. सीलांची तेवढी चंगळ.

दक्षिण आफ्रिकेत तर या भीतीनं एका गावाचा धंदाच बसवला. पांढऱ्या शार्कला कायद्याचं संरक्षण देणारा हा पहिला देश; साल १९९१. तिथल्या गान्सबायला पर्यटक पिंजऱ्यात बसून शार्क पाहायला यायचे. २०१७ साली त्या किनाऱ्यावर पाच शार्क मरून लागले. अंग बरंचसं शाबूत, यकृत मात्र गायब. शार्कचं यकृत तेलानं भरलेलं असतं, वजनाच्या पाव भागापर्यंत. (ते तेल लहानपणी नाक दाबून प्यायलेल्यांना जास्त सांगायला नको.) संशय गेला तो दोन ऑर्का नरांवर. एकाचा पाठीवरचा पर डावीकडे कललेला, दुसऱ्याचा उजवीकडे. म्हणून नाविकांच्या भाषेत नावं पडली पोर्ट आणि स्टारबोर्ड. शार्क गान्सबाय सोडून गेले आणि बोटवाले दुसऱ्या जातीचे शार्क दाखवू लागले. सगळा दोष या जोडीचा नाही, माणसाची जाळी आणि मासेमारीही कारणीभूत आहे, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. मलाही ते पटतं.

जून २०२३ मध्ये मॉसेल बेला स्टारबोर्डनं एकट्यानंच शिकार केली. अडीच मीटरचा कोवळा शार्क त्यानं दोन मिनिटांच्या आत संपवला आणि यकृताचा तुकडा तोंडात धरून तो माणसांच्या बोटीशेजारून शांतपणे निघून गेला.